सुरकुत्या, संकर आणि लोणंदची मेंढी

शार-पे या चिनी कुत्र्याच्या कपाळावर, मानेवर आणि खांद्यांवर ज्या जाड घड्या दिसतात, त्यांचे मूळ कातडीत साठलेल्या एका पदार्थात आहे. हायल्युरोनिक आम्ल हा पाणी धरून ठेवणारा पदार्थ सर्वच सस्तन प्राण्यांच्या त्वचेत असतो. शार-पेमध्ये मात्र तो इतका साठतो की, पशुवैद्याने घडीवर सुई टोचली तर तेथून पाकासारखी तार धरणारा पारदर्शक द्रव पाझरतो. अशा घड्यांत ओल कोंडून जिवाणू व बुरशी वाढतात आणि पापण्या आत वळल्यास त्यांचे केस बुबुळाला सतत घासत राहतात. हे त्रास टाळण्यासाठी शार-पेचा दुसऱ्या जातींशी संकर करावा, असे अनेकदा सुचवले जाते. पण त्यातून नेमके काय साधते, हे आनुवंशिकतेच्या नियमांवरूनच ठरते.

दक्षिण चीनमध्ये राखणीसाठी व शिकारीसाठी पाळला जाणारा मूळ शार-पे बेताच्याच सुरकुत्यांचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही जात जवळजवळ नामशेष झाली, १९७३ मध्ये हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी अमेरिकेतील श्वानप्रेमींना ती वाचवण्याचे आवाहन केले आणि पुढे मोजक्या कुत्र्यांपासून तिची तेथे पैदास झाली. या पैदाशीत अधिक सुरकुत्यांच्या नर-माद्यांनाच पसंती मिळत गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा परिणाम जनुकांच्या पातळीवर दाखवून दिला: हायल्युरोनिक आम्ल तयार करणाऱ्या एचएएस-२ या जनुकाजवळचा, सुमारे १६ हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा या कुत्र्यांत अनेक प्रतींत आढळतो आणि प्रती जितक्या अधिक, तितका ‘शार-पे ताप’ होण्याचा धोका अधिक असतो. या आजारात अचानक चढलेला ताप साधारण दीड दिवसात उतरतो आणि मागच्या पायांचे सांधे सुजतात; वारंवार असे झाल्यास अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात साचून ते निकामी होऊ शकते. म्हणजेच ज्या तुकड्यामुळे हे रूप मिळाले, त्याच तुकड्याशी रोगही जोडलेला आहे.

संकराची बाजू घेणारे ‘संकरज जोमा’चा आधार घेतात. दोन भिन्न जातींच्या संततीत, दोन्ही प्रती सदोष असल्याशिवाय प्रकट न होणारे म्हणजे अप्रभावी दोष झाकले जातात, म्हणून ती पुष्कळदा अधिक निकोप निघते, हे खरे आहे. परंतु वाढीव तुकड्याची एक प्रतही आपला परिणाम दाखवत असल्याने, शार-पे आणि लॅब्राडोर यांच्या पहिल्या पिढीत सुरकुत्या कमी होतात, नाहीशा होतातच असे नाही. अशी दोन संकरित कुत्री एकत्र आणल्यास सरासरीने पाव पिल्लांत तो तुकडा दोन्ही गुणसूत्रांवर पुन्हा येतो. जोडीदार पग किंवा बुलडॉग असेल, तर आखूड नाकाचा आणि श्वासाचा त्रासही वाट्याला येऊ शकतो.

हवा तो गुण नेमका निवडून संकर कसा करावा, याचा उत्तम नमुना सातारा जिल्ह्यातच सापडतो. खंडाळा तालुक्यातील लोणंद हे शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून दख्खनी मेंढीचा एक प्रकार त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो. ही मेंढी काटक खरी, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. उलट सुंदरबनातील जेमतेम १० ते १५ किलोंची गारोळ मेंढी जुळी-तिळी कोकरे देते, कारण तिच्यात ‘फेक-बी’ हा जनुकाचा प्रकार असतो. शेजारच्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर व सहकाऱ्यांनी या दोन जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीवरच न थांबता पश्चसंकराची, म्हणजे संकरित संततीचे मूळ जातीशी पुन्हा मीलन घडवण्याची पद्धत अवलंबली. फेक-बीमागचा जनुकीय बदल २००१ मध्ये ओळखला गेल्यावर रक्ताच्या नमुन्यावरून वाहक मेंढ्या निवडणे शक्य झाले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचाही त्या कामाला हातभार लागला. त्यातून ‘सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी उभी राहिली.

श्वानांतही हीच पद्धत यशस्वी ठरली आहे. शुद्ध डाल्मेशियनमध्ये मूत्रखडे होण्यास कारण ठरणारा जनुकीय दोष सरसकट असल्याने अमेरिकेत १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल यांनी त्याचा पॉइंटरशी एकच संकर केला आणि नंतरच्या प्रत्येक पिढीत निर्दोष पिल्ले निवडून त्यांचे डाल्मेशियनशीच मीलन घडवले. पॉइंटरचा वाटा ५०, २५, १२.५ टक्के असा घटत गेला, ठिपके कायम राहिले आणि दोष गेला. २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशाची नोंदणी मान्य केली.

शार-पेबाबत एक फरक मात्र मूलभूत आहे. डाल्मेशियनमध्ये ठिपके आणि रोग वेगळे करता आले. येथे दाट सुरकुत्या आणि तापाचा धोका एकाच तुकड्याशी निगडित असल्याने रोग कमी करायचा, तर सुरकुत्याही कमी होणार, आणि उरणारे कुत्रे चीनमधील मूळ शार-पेच्या जवळ जाणारे असेल. चाचणीविना केलेला पहिल्या पिढीचा संकर विकण्यापुरते आकर्षक पिल्लू देतो, सुधारलेला वंश देत नाही.

भारतात श्वानपैदाशीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम लागू असून त्यांनुसार पैदासकाराची नोंदणी आवश्यक आहे आणि दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. शार-पेचे किंवा त्याच्या संकराचे पिल्लू घेणाऱ्याने नोंदणी तर पाहावीच, शिवाय आई-वडिलांना कधी ताप किंवा सांधेसूज आली होती का, हे विचारावे आणि डोळे व कातडी पशुवैद्याकडून तपासून घ्यावीत. खंडाळा परिसरातील पालकांसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. सुरकुत्यांची हौस ग्राहकाने आवरली, तर पैदासकारही आपोआप निरोगी पिल्लांकडे वळेल.