गाणं सोड, बेस धर

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि पाठोपाठ पाश्चात्त्य चालींची प्रार्थनागीतंही आली. पुढे नगरला राहिलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी भजनं, अभंग लिहिले. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात आजही ही दोन घराणी शेजारी नांदतात. इथल्या चर्चमधल्या कीबोर्डवाल्याला म्हणूनच दोन प्रकारचे कान लागतात.

शनिवारी संध्याकाळच्या सरावाला मी कीबोर्डशेजारी बसतो. पुस्तकात नुसते शब्द असतात. वाजवणारे काका चाल एकदा ऐकतात, सा चाचपतात आणि डाव्या हाताने कॉर्ड धरतात. शिकाऊ पोरगा चालीमागे धावायला लागला की म्हणतात, “गाणं सोड रे, बेस धर.”

कारण गळा सा वर थांबला असला, तरी खाली सा-ग-प असेल, म-ध-सा असेल, नाहीतर ध-सा-ग. वरून काहीच कळत नाही. तंबोऱ्यावर वाढलेला कान इथे अडखळतो. त्याच्या हिशेबी खालचा षड्ज हलतच नाही. पण त्याच कानाला सा सहसा हरवत नाही. पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, बेस सा पासून किती दूर गेला, एवढंच मोजायचं. माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

पंचमाची कॉर्ड, प-नी-रे, सगळ्यांत आधी ओळखू येते. तिच्यात म मिसळला की नी सा कडे ओढतो, म ग कडे. काका ती मुद्दाम लांबवतात. पोरगा खात्रीने सा-ग-प दाबतो, आणि काकांचा बेस गेलेला असतो धैवतावर! सा आणि ग दोन्ही कॉर्डमध्ये, म्हणून फसगत. प आणि ध मात्र एकमेकांवर घासतात. शेवटच्या ‘आमेन’मध्ये अशी ओढ नसते: सा जागेवरच राहतो, ध आणि म एकेक पायरी उतरून प, ग वर येतात. हे पोराला पहिल्या फटक्यात सापडतं.

मग भैरवीच्या अंगाचं भजन निघतं. तिथे पंचमावर कॉर्ड बांधावी तर रे आणि नी दोन्ही कोमल. सा कडे नेणारी ती ओढच उरत नाही. काका नुसता सा-प धरून बसतात आणि तबल्याला पुढे जाऊ देतात. पोरगा मात्र तिथेही मायनर, सेव्हन्थ भरत राहतो. मला ते खटकतं. गायकवृंदातल्या मुलींना आवडतं.