पक्ष बदला, पण मतदाराला विचारून

कोल्हापूरच्या मतदारापुढे 2004 च्या लोकसभा निवडणुकीत धनंजय महाडिक आले ते शिवसेनेचा धनुष्यबाण घेऊन. राष्ट्रवादीच्या सदाशिवराव मंडलिकांनी त्यांना थोडक्यात हरवलं. 2014 ला तेच महाडिक राष्ट्रवादीच्या घड्याळावर उभे राहिले आणि खासदार झाले. समोर धनुष्यबाण घेऊन होते सदाशिवरावांचे चिरंजीव संजय मंडलिक. दहा वर्षांत दोन घराण्यांनी पक्षांची अदलाबदल केली होती. 2019 ला मंडलिकांनी 2 लाख 70 हजार मतांनी परतफेड केली. महाडिक त्याच वर्षी भाजपमध्ये गेले आणि जून 2022 मध्ये राज्यसभेवर निवडून आले, तेही शिवसेनेचे कोल्हापूर जिल्हाप्रमुख संजय पवार यांना हरवून. पुढच्याच महिन्यात, शिवसेना फुटल्यावर, संजय मंडलिक एकनाथ शिंदे यांच्या गटात दाखल झाले आणि 2024 ला महाडिक त्यांच्याच प्रचाराला फिरले.

याला निव्वळ संधिसाधूपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यातून काहीच उलगडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पक्षापेक्षा गट जुना आणि चिवट आहे. शेतकऱ्याचा रोजचा संबंध येतो तो गावच्या दूध संस्थेशी, तिथून गोकुळ दूध संघाशी, उसाची तोड वेळेवर देणाऱ्या कारखान्याशी, पीककर्ज देणाऱ्या सेवा सोसायटीशी आणि जिल्हा बँकेशी. या संस्थांच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, पॅनेलवर होतात. नेता पक्ष सोडतो तेव्हा पॅनेल जागच्या जागी असतं, म्हणून कार्यकर्ताही त्याच्यामागे जातो. 2009 ला राष्ट्रवादीने उमेदवारी नाकारली तेव्हा सदाशिवराव पंचाहत्तरीच्या घरात अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. ते बळ गटाचंच. 2019 ला काँग्रेसच्या सतेज पाटलांनी ‘आमचं ठरलंय’ म्हणत आघाडीतल्याच राष्ट्रवादीच्या महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या मंडलिकांना बळ दिलं. पक्ष मुंबईत ठरवत होते, मतं इथे ठरत होती.

मग आक्षेप येतो: लोकांनाच चालतं, तर तक्रार कशाला? लोकांना गट चालतो हे खरं, पण लोकसभेत गट मतदान करत नाही. विधेयकावर किंवा अर्थसंकल्पावर खासदार मत देतो ते पक्षाच्या आदेशाने. म्हणून पक्ष हा मतदाराशी झालेल्या कराराचा भाग आहे. महाडिकांनी लोकसभेची मुदत संपल्यावर, पराभव पदरात घेऊन पक्ष सोडला. मंडलिकांनी निवडून आलेलं पद हातात ठेवून बाजू बदलली. माझ्या मते या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

मंडलिकांच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळू नये. 2019 ला ते शिवसेना-भाजप युतीचे उमेदवार होते, भाजपच्या मतदारानेही त्यांना मत दिलं होतं. तेव्हा 2022 ला भाजपबरोबर जाऊन ते मूळ कौलाकडेच परतले, असं म्हणता येतं. 2024 ला तर चिन्हही तेच धनुष्यबाण होतं. पण कौल इतका स्पष्ट होता, तर तो पुन्हा मागायला हरकत काय होती? कायद्याने तशी सक्ती केली नाही, हीच अडचण आहे. 1985 च्या दहाव्या अनुसूचीने एकट्यादुकट्याला अडवलं, 2003 च्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची वाटही बंद केली. तरी शिवसेनेच्या महाराष्ट्रातल्या 18 पैकी 12 खासदार एकत्र गेले आणि मतदाराला कुणी विचारलं नाही.

विचारण्याची रीत आपल्याकडे आहे. नारायण राणे 2005 मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा देऊन मालवणची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. उदयनराजे भोसले यांनी 2019 मध्ये राष्ट्रवादीची खासदारकी सोडली, भाजपकडून साताऱ्यात पुन्हा उभे राहिले आणि हरले. अमेरिकेत पक्षांतरबंदीचा कायदाच नाही, तरीही टेक्ससचे फिल ग्रॅम यांनी 1983 मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडताना आधी राजीनामा दिला आणि रिपब्लिकन म्हणून ती जागा पुन्हा जिंकली. पोटनिवडणुकीचा खर्च हे कारण सांगितलं जातं, पण साताऱ्याची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच उरकली होती.

नेसरीच्या खिंडीत लढलेल्या, शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजरांचं नाव निष्ठेच्या गोष्टीत नेहमी घेतलं जातं. सरदाराची निष्ठा राजाशी असे. लोकप्रतिनिधीची मतदाराशी असते, पक्षश्रेष्ठींशी किंवा गटप्रमुखाशी नव्हे. 2024 ला काँग्रेसच्या शाहू छत्रपती महाराजांनी संजय मंडलिकांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवलं. त्यात महाराजांबद्दलचा आदर किती आणि बाजू बदलल्याचा राग किती, हे वेगळं काढता येणार नाही. मतदाराला आपलं म्हणणं सांगायला मात्र दोन वर्षं थांबावं लागलं. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही गटाचा असो, एवढं विचारा: पक्ष बदलावासा वाटला तर आधी राजीनामा देणार का? आणि उत्तर चारचौघांत द्यायला लावा.