वसईच्या खाडीकाठची धातुविद्या

उत्तर कोकणच्या इतिहासाचा विचार करताना दुर्ग, बंदरे आणि तहनामे यांकडे आपले जितके लक्ष जाते तितके धातूंकडे जात नाही. वस्तुतः कान्हेरीच्या डोंगरापासून सोपाऱ्यापर्यंतच्या चिंचोळ्या मुलखात, आणि त्यातही ज्याला आज मीरा-भाईंदर म्हणतात त्या खाडीलगतच्या भूमीत, धातुविद्येचा दीड-दोन सहस्र वर्षांचा पुरावा पसरलेला आहे. महाराष्ट्राची ही विद्या अर्थातच त्याहून पुरातन होय. प्रवरेकाठच्या दायमाबादेस १९७४ साली सापडलेली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही चार भरीव ओतीव शिल्पे मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची आहेत, आणि नागपूरजवळच्या नाईकुंड येथे लोखंड गाळण्याची महापाषाणयुगीन भट्टीच उत्खननात मिळाली.

आपल्या परिसरात पहिला मान तांब्याचा. कान्हेरीच्या एका स्तूपातून १८३९ साली डॉ. बर्ड यांनी त्रैकूटक संवत् २४५चा, म्हणजे इ. स. ४९४ च्या सुमाराचा, ताम्रपट बाहेर काढला. आणि खाडीपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकलला तेव्हा पाषाणाच्या पेटीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा, अशी रचना आढळली, व भोवती आठ कांस्यमूर्ती बसविलेल्या होत्या. दमट हवेत पृष्ठभागावर हिरवट पुट धरून आतला धातू राखणारे तांबे बाहेर, आणि कशानेही न गंजणारे सोने गाभ्यात, हा क्रम मला श्रद्धेइतकाच अनुभवाचाही वाटतो.

पण या तीरावरची सर्वांत बोलकी धातुवस्तू म्हणजे वसईच्या घंटा. भाईंदरच्या पश्चिमेस डोंगरी-चौकाकडील धारावीचा किल्ला मार्च १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आला, त्यामुळे खाडीचे मुख आवळले गेले, आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. त्या मुलखातील चर्चच्या घंटा मग देशावर गेल्या: १७२१ साल कोरलेली घंटा नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावर चढली, १७०७ची घंटा नाना फडणविसांच्या मेणवलीस घाटावर टांगली गेली, आणि एक भीमाशंकरास पोहोचली. युद्धप्रसंगी घंटा वितळवून तोफा ओतण्याचा परिपाठ युरोपात होता, कारण दोन्हींचा धातू एकाच कुळातला. भेद केवळ कथलाच्या प्रमाणाचा. तोफेच्या काशात शंभरात सुमारे दहा भाग कथील असते, घंटेच्या काशात वीस ते पंचवीस. तांबे मऊ, कथील तर त्याहून मऊ. परंतु दोहोंच्या या मिश्रणातून असा कठीण धातू सिद्ध होतो की आघाताचे कंपन त्यात दीर्घकाळ टिकते, आणि त्याच कारणाने तो ठिसूळही होतो, म्हणून तोफेस निरुपयोगी ठरतो. विजेत्यांनी हे धातुधन मुशीत न घालता देवळांत टांगले व घंटांचा नाद घंटांकडे राहू दिला, ही गोष्ट मला त्या मोहिमेइतकीच अभिमानास्पद वाटते.

आता भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांकडे वळू. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी हे गाव व्यापारात नामांकित असले तरी आत काय चालते हे भांडी वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली सुमारे तेरा टक्के क्रोमियम घालून जे पोलाद सिद्ध केले, त्याच्या पृष्ठभागी क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा असतो व चरा पडला तरी हवेच्या स्पर्शाने तो पुन्हा सांधतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून नवसागर टाकून, अवघ्या २३२ अंशांवर वितळणाऱ्या कथलाचा हात फिरविणाऱ्या कल्हईवाल्याचा धंदा या पापुद्र्याने बुडविला.

गाळ्यात पत्र्याचे गोल सर्कल कापून प्रेसच्या डायवर ठेवतात, आणि एका दाबासरशी सपाट चकतीचा डबा होतो. त्या क्षणी पत्रा ताणला जाऊन कठीण होतो, त्याच्या अंगात ताण साठतो; आणि निकेल कमी व मँगनीज अधिक असलेल्या स्वस्त पत्र्याचे भांडे संध्याकाळी धडधाकट दिसून सकाळी काठापासून उभे तडकलेले आढळू शकते. उपाय एकच, सुमारे हजार अंशांवर तापवून झटकन थंड करणे. येथे मौज अशी की लोहाराच्या अनुभवास हे सर्वस्वी विपरीत आहे, कारण कोयत्याच्या धारेला पाणी दिले की ती कठीण होते. पण पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर शतकानुशतके हेच करीत आला: मठारून कडक झालेला हंडा लाल तापवायचा, पाण्यात बुडवायचा, आणि मऊ झाला की पुन्हा हातोडी उचलायची. भांड्यांचे स्टील लोखंडाच्या पोटी जन्मले, परंतु भट्टीत ते तांब्याच्या रीतीने वागते. तांबटाची विद्या लोपली असे म्हणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

त्यानंतर काठ वळविणे, कान जोडणे, बफिंग आणि पॉलिश. यांत बफवर बसणाऱ्याच्या छातीत धूळ जाते आणि प्रेसवर बसणाऱ्याची बोटे सदैव धोक्यात असतात. ताम्रपटाचा दाता आणि घंटेची तारीख इतिहासाला ठाऊक आहे. या कामगारांची मात्र कोणत्याही दप्तरात नोंद नाही.

म्हणून मीरा-भाईंदरमधील इतिहासप्रेमी शिक्षकांस व विद्यार्थ्यांस माझी कळकळीची विनंती आहे की, धारावीच्या किल्ल्यास भेट द्याल तेव्हा परतताना एखाद्या गाळ्यातही जावे, जुन्या कारागिरास पत्रा हाताने कसा ओळखतात हे विचारावे, त्याची हकीकत तारखेनिशी लिहून घ्यावी, आणि ती गावच्या ग्रंथालयात जमा करावी.