काटा, फीत आणि मानेतील धमनी

कोकणातील माणूस अंगाने सडसडीत, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भात, कुळथाचे पिठले आणि मासळी यांवर वाढलेला, घाट्या चढून-उतरून घर गाठणारा माणूस लठ्ठ कसा होणार, असे म्हणताना आपल्याला थोडा अभिमानही वाटतो. हृदयविकार हा जाड्या लोकांचा रोग, असे एकदा मनात बसले की आपण निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा कितपत खरा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. २००४ साली त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा अंक, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा सारखाच, २२.३ होता. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरला. काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ. आत पाहावे तर एकाची चरबी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक! आणि हे केवळ वयपरत्वे येते असेही नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. आपली मुले स्नायूंत बरीच उणी भरली. कातडीखालच्या चरबीत मात्र तितकी उणी नव्हती.

चरबी मुळात वाईट नव्हे. ती शरीराची कणगी आहे. परंतु कातडीखालची कणगी भरली, की उरलेला माल पोटातील आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन साठू लागतो. तेथून रक्तात स्निग्ध पदार्थांचा ओघ सुरू होतो, इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो आणि रक्तातील घातक कोलेस्टेरॉलचे कण धमन्यांच्या आतल्या अस्तरात शिरू लागतात. हे सारे म्हातारपणी घडते असे कोणी समजू नये. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते. तरीही सुमारे ७७ टक्के जवानांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा आढळल्या.

मेलेल्या माणसात जे दिसले ते जिवंतपणी कसे पाहावे? येथे ध्वनी उपयोगी पडतो. मिरकरवाड्याच्या बंदरातून जाणाऱ्या यांत्रिक नौका पाण्यात ध्वनी सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि माशांचा थवा ओळखतात. सोनोग्राफीचे तत्त्व तेच. आमच्याकडे सोनोग्राफी म्हटले की लोकांना गरोदर बाईच आठवते. पण त्याच यंत्राने मानेच्या बाजूला ठुसठुसणारी कॅरोटिड धमनीही पाहता येते. ती कातडीपासून फार खोल नसल्याने चित्र स्वच्छ उमटते. भिंतीच्या जागी दोन समांतर रेषा दिसतात. त्यांमधील अंतर म्हणजे आतल्या दोन थरांची जाडी. हे मोजता येते असे इटलीतील पिग्नोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. तरुण, निरोगी माणसात ही जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. ती दीड मिलिमीटरच्या पुढे गेली, किंवा एखाद्या जागी भिंत आत फुगून आली, तर तेथे मेदाचे किटण धरले असे समजतात.

मात्र हे ऐकून उद्याच कोणी मान तपासून घेण्यास धावू नये. वयाबरोबर ही भिंत सर्वांचीच जाड होते, रक्तदाबानेही होते. आणि वाढ इतकी सूक्ष्म, की यंत्र धरणाऱ्या हाताच्या थोड्या फरकानेही आकडा बदलावा. म्हणूनच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१३ साली ही जाडी सरसकट मोजू नये असा सल्ला दिला. संशोधकाला हजारो माणसांची सरासरी काढताना तिचा मोठा उपयोग. एकट्यादुकट्याचे भविष्य तीवरून वर्तविणे धाडसाचे. प्रत्यक्ष किटण दिसले तर गोष्ट निराळी. ती खूण डॉक्टरांनी गंभीरपणे घ्यावयाची. पोटाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असा शेरा सहज आला असेल, तर तोही कागद कपाटात टाकून विसरण्यासारखा नाही.

तोवर शिंप्याची फीत पुरेशी आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता ती धरावी. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आकडा पुढे गेला तर आधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. पोटाखाली बांधलेल्या पट्ट्याचा नंबर कोणी आम्हांला सांगू नये. ती कंबर नव्हे.