घरातले फोटो जपा, तोच आपला इतिहास

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे आपला समाज लोटतो. लेकराला खांद्यावर घेतलेला बाप, पांढऱ्या साडीतली आजी, वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेला तरुण, सगळ्यांच्या हाती मोबाईल असतो आणि सगळ्यांना बाबासाहेबांच्या नावाखाली उभे राहून फोटो हवा असतो. हवाच! १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ज्या नावासाठी समाज झगडला, त्या नावाखालचा फोटो म्हणजे नुसती हौस नव्हे. पण बंधूंनो आणि भगिनींनो, आम्ही एकच विचारतो. पाच वर्षांपूर्वी काढलेला तो फोटो आज तुम्हांला सापडेल काय?

आमच्या वस्तीतल्या एका भगिनीला तो सापडला नाही. त्यांच्या लग्नाच्या अल्बमला पेटीत वाळवी लागली होती. उरलेल्या फोटोंचे त्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि अल्बम टाकून दिला. पुढे यजमान गेले. त्यांचे आजारपणाआधीचे हसरे फोटोही त्याच मोबाईलमध्ये होते. एके दिवशी नळाला पाणी आले, भरण्याची घाई झाली आणि मोबाईल ड्रममध्ये पडला. दुरुस्ती करणाऱ्याने दोन दिवस खटपट करून हात टेकले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर लावायला त्या माउलीकडे कंपनीच्या ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो तेवढा उरला होता.

हे दुःख एका घराचे नाही. १९७८ साली नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपली घरे जाळली गेली. घर जळते तेव्हा पत्र्याची पेटीही जळते आणि पेटीतला आजोबाही जळतो. अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आलेल्या कितीतरी कुटुंबांकडे मागच्या पिढीचा एकही चेहरा नाही. आपल्या विहाराची पायाभरणी, आपल्या मुलीचा पदवीचा दिवस, आईने मोर्चात धरलेला निळा झेंडा, हे टिपायला बाहेरचा कोणी येणार नव्हता. ते आपणच टिपायचे आणि आपणच जपायचे.

अजिंठ्याचा धडा

जपायचे म्हणजे काय, हे आपल्याच जिल्ह्यातले अजिंठा शिकवते. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला हाताने रंगवल्या. त्यात त्याच्या आयुष्याची वर्षेच्या वर्षे गेली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या भस्म झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा राबले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या.

मात्र याच गिलने काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ साली पुस्तकात छापले गेले, ते आजही पाहायला मिळतात. कारण साधे आहे. रंगवलेली नकल एकच होती आणि एका छताखाली होती. पुस्तकाच्या प्रती अनेक होत्या आणि अनेक घरी होत्या. आग एका घराला लागते, दहा गावांना एकदम लागत नाही.

तीन प्रती, दोन साधने, एक घराबाहेर

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हाच धडा सोप्या नियमात बसवला. प्रत्येक मोलाच्या फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी.

पहिली प्रत मोबाईलमध्ये असतेच. दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्यावी. मोबाईलला थेट जोडता येणारा पेन ड्राइव्ह बाजारात मिळतो, त्यासाठी संगणक लागत नाही. एक फोटो चार एमबीचा धरला, तर ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सात हजारांवर फोटो मावतात. पण पेन ड्राइव्हही कायमचा नसतो. सहा महिन्यांनी तो जोडून फोटो उघडतात का ते पाहावे आणि काही वर्षांनी सारे नव्यावर उतरवावे.

तिसरी प्रत घराबाहेरची. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, म्हणजे चार एमबीचे सुमारे पावणेचार हजार फोटो. मात्र ईमेलही त्याच जागेत मोजले जातात. जागा पुरत नसेल तर दुसरा पेन ड्राइव्ह भरून पुण्याच्या भावाकडे किंवा माहेरी ठेवावा. तोही नियमात बसतो.

इथे चार चुका हमखास होतात. पहिली, बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर वरची प्रतही जाते; साठ दिवस ती ट्रॅशमध्ये असते, नंतर परत मिळत नाही. दुसरी, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो. तो मूळ रूपात हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तिसरी, सिमकार्ड बदलले तरी खात्यात जुनाच नंबर राहतो आणि पासवर्ड विसरल्यावर दार बंद होते. चौथी, घरातले माणूस गेले की त्याचे खाते तसेच पडून राहते. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. म्हणून खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून घरातल्या विश्वासू माणसाला ती जागा दाखवून ठेवा. आधार, बँकेचे कागद मात्र फोटोंत मिसळू नका, आणि ज्या पेन ड्राइव्हवर ते असतील तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

पेटीतल्या जुन्या फोटोंसाठी सावलीतला दिवसाचा उजेड पुरतो. फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल सरळ वर धरून फोटो घ्यावा. आणि मूळ फोटो टाकू नये, कितीही विटला तरी!

सर्वांत मोठे काम मात्र यंत्राचे नाही. फोटोत कोण, कोठे, कोणत्या साली, हे आजीला आजच विचारा आणि लिहून ठेवा. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांत परका होतो.

त्या भगिनींना पुढे काय झाले? आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन कॉलेजच्या मुली मोबाईल आणि पेन ड्राइव्ह घेऊन बसू लागल्या. दुसऱ्याच रविवारी सिडकोतल्या एका नातेवाइकाच्या फोटोंत १४ जानेवारीच्या गर्दीतले एक कुटुंब निघाले. कमान मागे, लेक खांद्यावर, आणि यजमान हसताहेत. त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला आणि पहिले वाक्य बोलल्या, "याच्या तीन काढा गं पोरींनो."