नाबोथाचा द्राक्षमळा : सत्तेला जाब विचारणारी बायबलकथा

विशेष प्रतिनिधी

राजाच्या मनात भरलेली जमीन देण्यास सामान्य माणसाने नकार दिला, तर काय होते? बायबलच्या जुन्या करारातील 'पहिले राजे' या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात याचे उत्तर एका द्राक्षमळ्याच्या निमित्ताने आले आहे. सत्ता, विशेषाधिकार आणि निरपराधाचे दुःख यांविषयीची बायबलची भूमिका समजून घेण्यासाठी ही कथा महत्त्वाची ठरते.

इसवी सनापूर्वी नवव्या शतकात उत्तरेकडील इस्राएलवर अहाब राज्य करीत होता. कर्करच्या लढाईत (इ. स. पू. ८५३) त्याने २ हजार रथ व १० हजार सैनिक उतरविल्याची नोंद अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात असून, तो शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अशा बलाढ्य राजाला इज्रेल येथील वाड्यालगतचा नाबोथाचा मळा भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता.

त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. आजच्या दृष्टीने हा व्यवहार रास्तच. तरीही नाबोथाने नकार दिला. कारण ती जमीन पूर्वजांकडून आलेली होती. मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी 'वतन' हाच शब्द योजला आहे. 'लेवीय' ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायानुसार जमिनीचा खरा मालक परमेश्वर आहे. ती कायमची विकता येत नसे. विकली तरी पन्नासाव्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जाई. या नियमापुढे राजाचीही मात्रा चालेना. अहाब रुसून, अन्नपाणी सोडून पडून राहिला.

कायद्याचाच फास

पुढचा डाव राणी ईजबेलचा. सीदोनच्या राजाची ही कन्या. तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटविली आणि ती नगरातील वडीलजनांना व प्रतिष्ठितांना धाडली. उपवास जाहीर झाला, नाबोथाला सर्वांसमोर मानाच्या जागी बसविण्यात आले आणि दोन खोट्या साक्षीदारांनी त्याच्यावर देवाची व राजाची निंदा केल्याचा आळ घेतला. देहदंडासाठी किमान दोन साक्षीदार हवेत, ही अट खरे तर निरपराधाच्या रक्षणासाठी होती. तिचाच येथे फास झाला. नाबोथाला दगडमार करून ठार करण्यात आले. 'दुसरे राजे' या ग्रंथातील उल्लेखावरून त्याचे पुत्रही मारले गेल्याचे दिसते.

या कटात प्रतिष्ठितांपैकी एकानेही विरोध केल्याची नोंद नाही. राजाज्ञेवर शिक्का होता, साक्षी होत्या, निवाडा होता. नव्हता तो फक्त न्याय. विशेषाधिकार मिळालेल्यांचे मौनही बायबल अशा रीतीने अपराधाच्या साखळीतच दाखविते.

उशिरा आलेला न्याय

अहाब मळ्याचा ताबा घेण्यास गेला, तेव्हा संदेष्टा एलीया तेथे उभा ठाकला. खून करून वर मालमत्ताही बळकावलीस, असा जाब त्याने राजाला विचारला. याआधी उरीयाच्या हत्येबद्दल दावीद राजाला नाथानानेही असाच जाब विचारला होता. राजा कायद्याच्या वर नाही, हे सांगण्याचे काम संदेष्ट्यांचे होते.

अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला व त्याच्या घराण्यावरील अरिष्ट पुढील पिढीपर्यंत लांबले. पुढे तो युद्धात पडला. ईजबेल इज्रेललाच खिडकीतून फेकली जाऊन मेली. त्यांचा मुलगा योराम याचे प्रेत नाबोथाच्या शेतात टाकण्यात आले. नाबोथ मात्र परत आला नाही.

त्याचे दुःख हे त्याच्या पापाचे फळ होते, असे कथा कोठेही म्हणत नाही. 'ईयोब' ग्रंथातही ईयोबाला दोषी ठरविणाऱ्या मित्रांनाच अखेर देव चुकीचे ठरवितो. दुःख भोगणाऱ्याकडे नव्हे, तर ते लादणाऱ्या सत्तेकडे बोट दाखविणे, हेच नाबोथाच्या कथेचे मर्म आहे. मळा राजाच्या ताब्यात गेला, परंतु तो अडीच हजारांहून अधिक वर्षे ओळखला जातो तो नाबोथाच्याच नावाने.