कुलपातली गोळी

(एका जागी न बसणारी मुलं : लेखांक 9)

आज साखर, रंगीत गोळ्या-चॉकलेटं आणि मुलांचा चंचलपणा यांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारवर टाकतो. शीवच्या प्रतीक्षानगरातून एका आजींचं पत्र आलंय, आणि त्यांना आठवडाभर ताटकळत ठेवणं मला बरं वाटत नाही.

नातू आठ वर्षांचा. गेल्या वेळी सांगितलेल्या दोन्ही प्रश्नावल्या, घरची आणि शाळेची, भरून झाल्या. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याचं आणि अतिचंचलतेचं, निदान झालं आणि डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. तीन केमिस्टांनी ‘आम्ही ठेवत नाही’ म्हणून परत पाठवलं. चौथ्याने कुलपातून पाकीट काढलं आणि चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडेच ठेवून घेतली. सून म्हणते देऊया, मुलगा म्हणतो थांबूया. आजी विचारतात, ‘‘कुलपात ठेवायची गोळी एवढ्याशा पोराला द्यायची? नशेचंच औषध ना हे?’’

ही भीती निराधार नाही. मिथाइलफेनिडेट औषधनियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे आणि 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी, कायद्याच्या यादीतही आहे. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक त्याने दोन वर्षं जपायची आणि साठा कुलपात ठेवायचा. खप जेमतेम, त्यासाठी एवढी उस्तवार कोण करणार? म्हणून ते नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही. त्याचा धोक्याशी संबंध कमी आणि कागदपत्रांशी जास्त आहे.

कुलूप आहे ते मोठ्यांच्या गैरवापरासाठी. जागरणासाठी किंवा नशेसाठी भलत्या मात्रेत गोळ्या घेणारे, चुरून नाकाने ओढणारे असतात. नशा येते ती औषध मेंदूत झटकन चढल्याने. ठरलेल्या मात्रेत तोंडाने घेतलेली गोळी हळूहळू चढते. लहानपणी हे औषध घेतलेली मुलं पुढे व्यसनांकडे जास्त वळतात का, हे अनेक अभ्यासांनी तपासलं. तसं आढळलं नाही.

या प्रकारच्या औषधांची सुरुवात मला आजही थक्क करते. 1937 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांचं रुग्णालय सांभाळत होते. मेंदूच्या एक्स-रेसाठी मणक्यातून पाणी काढलं की मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे मिथाइलफेनिडेटसारखंच उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण 30 मुलांपैकी 14 जण वर्गात एकदम वेगळेच वागू लागले, मन लावून अभ्यास करू लागले. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायला सुरुवात केली! आणि औषध थांबवलं की फरकही ओसरला.

हे शेवटचं वाक्य आजींनी दोनदा वाचावं. मिथाइलफेनिडेटचंही तसंच आहे. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. त्यामुळे हा निर्णय जन्माचा नाही. कमी मात्रेपासून सुरुवात करायची, काही आठवडे पाहायचं, वर्गशिक्षिकेकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. मूल मलूल, रडवं, गप्प झालं तर ते ‘शहाणं’ झालं असं समजू नका. मात्रा चुकली असेल, लगेच डॉक्टरांना सांगा. हे औषध सोसत नसेल तर शेड्यूल एक्सबाहेरचं ॲटोमॉक्सेटिन आहे, फक्त त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

त्रास होतो तो मुख्यतः भुकेचा. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो. म्हणून सकाळी आधी पोटभर थालीपीठ, मग गोळी, आणि संध्याकाळी भूक परतली की नीट जेवण. कधी झोप उशिरा लागते, पोट दुखतं. वर्षानुवर्षं घेतल्यास उंची एक-दोन सेंटीमीटर कमी भरू शकते, म्हणून दर खेपेला वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब तपासून घ्या. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल, तर पहिल्या गोळीआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळीकडून काय मागायचं, हेही ठरवायला हवं. अमेरिकेत 579 मुलांवर 14 महिने चाललेला मोठा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा नीट देखरेखीखालच्या औषधाने लक्षणं जास्त कमी झाली. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा मात्र गटांमधला फरक उरला नव्हता. मी यातून एवढंच घेतो, की गोळी हातातलं वर्ष सावरते. त्या वर्षात मुलाला सवयी लावणं, शिकवणं हे घरानं आणि शाळेनंच करायचं.

शीवच्याच लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकमधून डॉ. सुनील करंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या मुलांवर निबंध प्रसिद्ध केला होता. अशी मुलं बरीच असतात. गोळीने मूल पुस्तकासमोर बसतं. अक्षरंच जुळत नसतील तर ती गोळी जुळवून देत नाही. सहा महिने औषध देऊनही मार्क वाढले नाहीत म्हणून ते बंद करणारे पालक मी पाहिले आहेत. त्या मुलांना वाचन-लेखनाची तपासणी आणि विशेष शिक्षिका हवी होती.

मूल सहा वर्षांखालचं असतं, तर मी आधी पालकांचं प्रशिक्षण म्हटलं असतं. इथे मूल आठ वर्षांचं आहे, अडचण घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसते आहे, निदान नीट झालं आहे. मी सुनेच्या बाजूने आहे. आजी, डॉक्टरांना विचारून पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी, घरात सगळे असताना द्या, आणि महिन्याभराने काय दिसलं ते मला जरूर कळवा. साखरेचं पुढच्या रविवारी.